नऊ वाजताचा ग्लास

मी आयुष्यात दारूचा थेंबही घेतलेला नाही. हे वाक्य मी मागच्या फेब्रुवारीपर्यंत अगदी सहज बोलायचो. लग्नात, निवडणुकीच्या ड्युटीवर, स्टाफरूममध्ये कुणी आग्रह केला की हसून बोलायचो आणि विषय संपायचा. आता बोलताना मध्ये क्षणभर अडखळतो.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दू शिकवणाऱ्या माणसाचं दारूशी नातं मोठं गमतीचं असतं. न पिता रोज तिच्याबद्दल बोलावं लागतं. साकी, जाम, सुराही, पैमाना, मयखाना, खुमार. नववीच्या पुस्तकात गझल आली की मुलं हळूच हसायला लागतात. एक तरी पोरगं विचारतंच, "सर, खुमार म्हणजे काय? चढलेली की उतरलेली?" मी सांगतो, उतरत असतानाची. मग दुसरा विचारतो, "तुम्हाला कसं माहीत?" वर्ग हसतो. मी पण हसतो. शब्दकोशातून माहीत, अजून काय.

अशा वेळी मी रियाज खैराबादींचं नाव सांगतो. १८५३ ते १९३४ हा त्यांचा काळ. उर्दूत शराबवर त्यांच्याइतकं रंगून लिहिणारे थोडेच, आणि त्यांनी स्वतः कधी चाखली नाही असं सगळे सांगतात. आमच्यासारख्यांचे ते पीरच. मराठीत माधव ज्यूलियनांनी खय्याम आणला, १९२९ मध्ये 'उमरखय्यामकृत रुबाया' आणि दोन वर्षांनी 'द्राक्षकन्या'. ते फारसीचे प्राध्यापक होते. फारसी-उर्दूत वाइनला 'दुख्तर-ए-रज' म्हणतात, म्हणजे द्राक्षवेलीची मुलगी. 'द्राक्षकन्या' हा शब्द मला या दोन्ही भाषांच्या लग्नात जन्मलेल्या मुलीसारखा वाटतो.

शब्दांच्या बाबतीत मी पट्टीचा पिणारा आहे. 'शराब' हा मुळात साधा अरबी शब्द, जे प्यायलं जातं ते. त्याच मुळाचा 'शरबत'. इंग्रजीत गेला तो 'सिरप' झाला, खोकल्याच्या बाटलीत बसला. 'अल्कोहोल'सुद्धा अरबीच, 'अल-कुहल'. कुहल म्हणजे सुरमा. डोळ्यात घालायची बारीक पूड. पुढे युरोपात कुठल्याही पदार्थाच्या शुद्ध अर्काला हा शब्द लागू झाला आणि शेवटी दारूच्या अर्काला चिकटला. आमच्या घरी सुरमादाणी आहे, ती बघितली की मला कधी कधी हसू येतं.

जिभेऐवजी नाकाने घेतलेला एक अनुभव आहे, तो आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी शिक्षकांची सहल नाशिकला गेली होती. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षाचे मळे आहेत आणि वाइन चाखायची सोय आहे. आम्ही पंधरा जण. दोघं-तिघं न पिणारे, त्यात मी. माहिती देणारा मुलगा फार चांगला होता. तो म्हणाला, सर, वास घ्यायला पैसे नाहीत. ग्लास तिरका धरा, गोल फिरवा, नाक आत घाला.

मी नाक आत घातलं. पांढऱ्या वाइनचा पहिला वास मला ओल्या गवताचा आला, मग पेरूच्या सालीचा. त्या मुलाने विचारलं तेव्हा मी तेच सांगितलं. तो खूश झाला, म्हणाला सोविन्यों ब्लांमध्ये लोकांना हेच सापडतं. मला उगाच शाबासकी मिळाल्यासारखं झालं. लाल वाइनमध्ये मला जांभूळ आलं, मिरी आली आणि आमच्या आजीच्या लाकडी पेटीचा वास आला. पेटीत ती मसाल्याच्या पुड्या ठेवायची. नाव विचारलं तर म्हणाला, शिराझ. मी चमकलोच. हाफिजचं शिराझ? तो म्हणाला, लोक तसंच समजत होते, पण १९९८ च्या सुमाराला डीएनए तपासला तेव्हा हे द्राक्ष फ्रान्सचंच निघालं, तिथल्याच दोन जातींच्या संकराचं. म्हणजे नाव फारसी, रक्त फ्रेंच. हाफिजच्या शहराचं नाव घेऊन एक द्राक्ष नाशिकला येऊन राहिलं होतं, आणि मी ते नुसतं हुंगून खाली ठेवलं.

माझे एक सहकारी तोंडात घोळवून बादलीत थुंकत होते. चाखणारे असंच करतात म्हणे. मला म्हणाले, "थुंकली तर चालेल ना तुम्हाला?" मी म्हटलं, "तुम्ही थुंकताय तेवढी तरी गिळा, पैसे दिलेत." तो विनोद सहलभर चालला.

इतकंच माझं ज्ञान. बोर्डीला आता चिकूची वाइन होते, ती लग्नाच्या हॉलबाहेर बघितलीय. जव्हारकडे चैत्रात मोहाच्या फुलांचा वास रस्त्यावर येतो, वाळलेली फुलं तोंडात टाकली तर मनुकेसारखी लागतात, मागून थोडी तुरट. इंग्रजांनी १८९२ मध्ये मोहाचा कायदाच केला होता, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं गोळा करून साठवण्यावर बंधन घातलं. फुलं आदिवासींच्या अन्नात होती, त्याची दारू होते एवढाच गुन्हा. हे सगळं मी हुंगून, चघळून, वाचून जमवलेलं. जिभेपर्यंत काही पोचलेलं नव्हतं.

आता दातिवरे.

सफाळे स्टेशनला उतरून एसटी पकडायची. वैतरणा जिथे समुद्राला मिळते तिथे उत्तरेच्या अंगाला हे गाव. समोर खाडीपलीकडे अर्नाळा, म्हणजे वसई तालुका. गावात जुना किल्ला आहे, छोटा, पडका. आणि ताड. भरतीच्या मातीवर, बांधांवर, वाडीच्या कडेला ताड उभे. माझ्या एका सहकाऱ्याचं घर तिथलं. ते भंडारी आहेत, ताडी काढणं हा त्यांच्या घरातला पिढ्यांचा धंदा. आता मुलगा मास्तर, नातू बोईसरला कंपनीत. झाडावर चढतात ते अजून त्याचे वडील. वय साठीच्या पुढे.

दोन वर्षं तो मला बोलवत होता, "सर, एकदा पहाटेची नीरा प्या. स्टेशनवर मिळते ती नीरा नाही." शेवटी मागच्या फेब्रुवारीत शनिवारी संध्याकाळी गेलो, मुक्काम केला. रात्री जेवताना त्याच्या वडिलांनी, मी त्यांना काका म्हणतो, स्वतःहून विषय काढला. म्हणाले, "मास्तर, तुमचं मला माहितीय. तुमचं मडकं मी वेगळं बांधलंय, चुना लावून."

चुन्याचं कारण असं. ताडाची पोय बाहेर आली की तिचा शेंडा रोज कोयत्याने बारीक कापतात आणि खाली मडकं बांधतात. रात्रभर रस ठिबकत राहतो. ताज्या रसात साधारण दहा-बारा टक्के साखर असते. हवेतली, मडक्याच्या अंगात बसलेली यीस्ट त्यात पडते आणि काम सुरू होतं. साखरेची दारू होते, फेस येतो. काही तासांत ताडी तयार, चार-पाच टक्क्यांपर्यंत चढते. अजून ठेवली तर आंबत आंबत सिरका होतो. मडक्याच्या आत चुना फासला तर ती यीस्ट दबून राहते, रस गोड राहतो. त्याला नीरा म्हणायचं. तेच झाड, तीच पोय, तोच रस. मध्ये फक्त बोटभर चुना आणि काही तास.

गांधीजींना या चुन्यात फार रस होता. ताडी सोडलेल्या माणसाने नीरा विकावी, ताडगूळ करावा, असं ते सांगायचे. डहाणूला खादी आयोगाची ताडगुळाची संस्था त्याच वाटेने आली. काकांचं मत वेगळं. म्हणाले, "गूळ करायला लाकूड किती जळतं ते बघितलंय कुणी?" मग १८७८ च्या अबकारी कायद्यापासून झाडामागे कर कसा वाढत गेला, भंडाऱ्यांचं त्यात कसं कंबरडं मोडलं, हे त्यांनी असं सांगितलं जणू काल घडलंय. त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितलेलं. अजूनही काढणीच्या प्रत्येक झाडावर सरकारी नंबर असतो. मी सकाळी बघितला. शाळेच्या दाखल्यासारखा, झाडाच्या अंगावर.

फजर पढून बाहेर आलो तर अंधार होता, समुद्राकडून गार वारा. काका कमरेला कोयता आणि पायात दोरीची कडी घालून वर गेले. मी खालून टॉर्च धरला. त्यांनी ओरडून सांगितलं, टॉर्च बंद करा, डोळे दिपतात. त्यांना अंधारात दिसत होतं.

साडेसहाला मडकं खाली आलं. फडक्यातून गाळून स्टीलच्या ग्लासात माझ्या हातात दिलं. आता मी नाशिकच्या त्या मुलासारखं सांगतो. रंग तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा, पण जरा स्वच्छ. वास आधी काहीच नाही, मग ताडगोळ्याच्या सालीचा, मग ओल्या मातीचा, आणि अगदी मागे थोडा धूर. मडकं धुरी देऊन घेतात त्याचा. पहिला घोट गार. इतका गार की दात शिरशिरले. गोडी उसाच्या रसासारखी अंगावर येत नाही, जिभेच्या बाजूंनी येते आणि गिळल्यावर थांबते. शेवटी चुन्याची एक कोरडी रेघ उरते, पान खाल्ल्यावर उरते तशी. मी डोळे मिटून प्यायलो. बिस्मिल्ला म्हणून प्यायलो. दुसरा ग्लास मागितला.

काका दुसऱ्या झाडांची मडकी उतरवत होते, बिनचुन्याची. ती गिऱ्हाइकांची. त्यातल्या एका मडक्यावर मी फक्त नाक नेलं. कच्च्या पिठाचा वास, त्यामागे उकडलेल्या अंड्यासारखा थोडा गंधकाचा. कान लावला तर आत बारीक चुरचुर ऐकू येत होती. मी लगेच तोंड मागे घेतलं. मला माझ्या सावधपणाचं कौतुक वाटलं, हेही लिहायला हवं.

मग किल्ल्यावर गेलो, खाडीवर गेलो, होड्या बघितल्या. परत आलो तेव्हा नऊ वाजले होते, ऊन चढलं होतं, घशाला कोरड. काकूंनी ओटीवर बसवलं आणि खिडकीतल्या पितळी कळशीतून ग्लास भरून दिला. "सकाळचीच आहे, तुमची."

मी प्यायलो. तहान होती म्हणून मोठे घोट घेतले. पहिल्याच घोटाला जिभेच्या टोकावर टोचलं. मुंग्या चालल्यासारखं. गोडी होती, पण तिच्या कडेला आंबटपणा उभा होता, जसं ताकात साखर घातल्यावर होतं. वास सकाळपेक्षा रुंद झाला होता, पिकलेल्या केळ्याकडे गेला होता. आणि छान लागली. सकाळच्या ग्लासात गोडी होती, या ग्लासात जीव होता. दुसऱ्या शब्दात सांगता येत नाही.

जिभेला पहिल्या घोटालाच कळलं होतं. मला कळायला दोन घोट लागले. तेव्हा ग्लास अर्धा होता. आणि मी उरलेला अर्धा पिऊन संपवला.

का, ते मी त्यानंतर पुष्कळदा स्वतःला विचारलंय. काकू समोर उभ्या होत्या, उष्टा ग्लास परत कसा द्यायचा, हे एक. 'वेगळं मडकं' म्हणून काकांनी घेतलेली मेहनत, हे दुसरं. पण ही कारणं मी नंतर शोधली. त्या वेळी फक्त तहान होती आणि ते छान लागत होतं.

काका आले तेव्हा मी विचारलं. त्यांनी कळशीत बोट बुडवून चाटलं आणि काकूंकडे बघितलं. "या कळशीत काल ताडी होती. धुतली असेल, पण काठाला राहिलं. विरजण लागलं." काकूंचा चेहरा उतरला. त्यांना काय बोलावं कळेना. मी म्हटलं, "काकू, काही झालं नाही, थोडीशीच तर होती." हे मी म्हटलं. 'थोडीशीच'. दारू पिणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असलेला तो शब्द माझ्या तोंडून किती पटकन आला.

निघताना काकूंनी भरपाई म्हणून एक बाटली दिली. सिरका. त्यांच्याकडे उरलेली ताडी तोंडाला फडकं बांधून बरणीत ठेवून देतात, काही आठवड्यांनी तिचा सिरका होतो. खाडीपलीकडे वसईत ख्रिस्ती घरांमध्ये तो सिरका मटणात पडतो आणि फुगे फुगवायला ताडी लागते. मी एका नाताळात वसईला चार फुगे खाल्ले होते आणि मग कुणीतरी पाककृती सांगितली. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं, भाजून-तळून गेलंय म्हणून. आता मात्र हिशोब सुरू झाला.

एसटीत खिडकीजवळ बसलो. पिशवी पायाशी. एडवण गेल्यावर कुठेतरी खड्डा आला आणि बाटलीचं बूच सैल झालं. पाच मिनिटांत गाडीभर वास. ताडीचा सिरका ज्यांनी हुंगलाय त्यांना सांगायला नको, त्यात ताडी पुरेपूर असते. पुढच्या सीटवरच्या बाईंनी पदर नाकाला लावला. मागून एकजण म्हणाला, "सकाळी सकाळी." मी टोपी घातलेला, दाढीवाला. कंडक्टर तिकीट देताना माझ्याकडे नाही, माझ्या पिशवीकडे बघत होता. मी सांगायला लागलो, "सिरका आहे हो, व्हिनेगर." जितकं जास्त सांगितलं तितकं ते खोटं वाटायला लागलं. आणि खरं म्हणजे तोंड उघडून बोलायचं मला भय वाटत होतं, कारण तोंडातही काही होतंच.

तेव्हा आठवला तो पालक. आठ-दहा वर्षांपूर्वी पालकसभेला एकजण गेटवर आला, तोंडाला वास होता. मी गेटवर होतो. मी त्याला आत सोडलं नाही. आवाज न चढवता, पण पुरेसं मोठ्याने सांगितलं, "असं येतात का शाळेत?" त्याची मुलगी व्हरांड्यात उभी होती. तो म्हणाला, "सर, रात्रीची आहे, वास राहतो." मी म्हटलं, "घरी जा." तो गेला. मुलीने माझ्याकडे बघितलं नाही, दुसरीकडे बघितलं. दारू वाईट हे माझं मत तेव्हाही होतं, आत्ताही आहे. ताडी-दारूने उद्ध्वस्त झालेली घरं मी वर्गातल्या बाकांवर रोज बघतो. पण तो रात्रीची म्हणाला होता, आणि मी तपासलं नव्हतं.

जुम्याला नमाजनंतर मी मौलानांना गाठलं. ते कमी बोलणारे आहेत. सगळं सांगितलं, वाइन हुंगण्यापासून कळशीपर्यंत. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. शाफईत याबाबत फट नाही: जे जास्त प्यायल्याने नशा येते ते थोडंही हराम, द्राक्षाचं असो की ताडाचं. हनफी मजहबात इमाम अबू हनीफांचं म्हणणं याहून वेगळं होतं, द्राक्षाची दारू आणि इतर पेयं यांत ते फरक करत. पण त्यांचे शिष्य इमाम मुहम्मद यांनी सगळंच हराम मानलं आणि पुढे फतवा त्यांच्याच मतावर दिला गेला. हे मी वाचलेलं होतं. मौलानांपुढे मी हनफी मताचा उल्लेख जरा लांबवला. ते हसले. "मास्तर, ग्लास शाफईने घेतला आणि मसला हनफीला विचारताय?"

मग ते नबीजबद्दल बोलले. पैगंबरसाहेबांसाठी सकाळी पाण्यात खजूर भिजवत, संध्याकाळी ते पीत. रात्री भिजवलेलं सकाळी. तीन दिवसांपलीकडे ठेवत नसत. सुरुवातीला काही भांड्यांत नबीज करायलाच मनाई होती, भोपळ्याच्या तुंब्यात, खजुराच्या पोखरलेल्या खोडात, डांबर फासलेल्या भांड्यात. पुढे भांड्यांची मनाई उठली, नशेची राहिली. हा भाग मी बीएडच्याही आधी वाचला होता. तुंब्याने काय बिघडतं, हे मला तेव्हा कधी कळलं नव्हतं. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. तुंब्याच्या अंगाला रस मुरतो, धुतला तरी जात नाही, नवा रस घातला की विरजण लागतं. काकांनी ओटीवर एका वाक्यात सांगितलं होतं.

मी मौलानांना हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. त्यांनाही भांड्याचं कारण असं कुणी दाखवलं नव्हतं बहुतेक. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कळलं तेव्हा ग्लासात किती होती?"

मी म्हटलं, "अर्धी."

"वरच्या अर्ध्याची काळजी करू नका, नकळत गेली. खालच्या अर्ध्याची तौबा करा." मग उठता उठता म्हणाले, "आणि छान लागली म्हणालात, ते मला सांगितलंत तेवढं पुरे. दुसरीकडे सांगत फिरू नका."

ते मी पाळलेलं नाही, हे तुम्ही वाचताच आहात. पण चव लपवून मी इथे नुसती तौबा लिहिली असती तर ते लिहिणं मला अर्ध्या ग्लासापेक्षा जास्त टोचलं असतं. पोरं विचारतात, सर, तुम्हाला कसं माहीत. आता शब्दकोश म्हणून सुटता येत नाही. या वर्षी गझलेच्या तासाला मी खुमार पटकन सांगितला आणि पुढच्या शेराकडे गेलो.

सिरक्याची बाटली पाच दिवस ओट्यावर तशीच होती. अम्मीने हात लावला नव्हता. मी मौलानांकडून आल्यावर तिने विचारलं, "हा आपोआप झालाय की आत काही घातलंय?" अम्मी सातवी शिकलेली. शाफई मताचा अख्खा मुद्दा तिच्या या एका प्रश्नात होता: दारू स्वतःहून सिरका झाली तर पाक, काही मिसळून केली तर नाही. मी दातिवऱ्याला फोन लावला. काकू म्हणाल्या, "काय घालणार? फडकं बांधलं आणि विसरले."

अम्मीने वाटीत ओतला. मी आधी नाक नेलं, सवयीने. पहिल्यांदा डोळ्यात पाणी, मग ताड, मग तोच पिकलेल्या केळ्याचा वास, पण लांब गेलेला, गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून आल्यासारखा. चव सरळ, टोकदार, बाजारच्या पांढऱ्या व्हिनेगरसारखी रिकामी नाही. शेवटी थोडी गोडी परत येते. अम्मीने कांदा उभा चिरून त्यात टाकला, हिरवी मिरची, मीठ. तव्यावर सुके बोंबील भाजले. सिरका हे उत्तम सालन आहे असं पैगंबरसाहेबांनी म्हटल्याचं तिला लहानपणापासून माहीत होतं. घरात मात्र आजवर कधी प्लास्टिकच्या बाटलीतलाच यायचा. दोन भाकऱ्या जास्त गेल्या.

या जानेवारीत काकांचा फोन आला. पाय दुखतो, पण अजून आठ झाडं करतात. म्हणाले, "काकूने तुमच्यासाठी काचेची बरणी आणून ठेवलीय, कोरी. कुणाला हात लावू देत नाही. कधी येताय?"

मी म्हटलं, येतो, रमजानच्या आधी एक रविवार काढतो. आणि म्हटलं, काका, साडेसहाच्या आतच प्यायची, नऊला नको.

ते म्हणाले, "नऊपर्यंत तुमच्यासाठी ठेवतंय कोण?"